फक्कीची उभी रेघ

फुटबॉल म्हणजे काय हे मला नीट कळायच्या आधी मी तो दोन वर्षं शिकवला. हसायचं असेल त्यांनी हसून घ्यावं. पीटीच्या बाईंनी स्वतःला येतं तेवढंच शिकवावं असा नियम असता, तर निम्म्या शाळांची मैदानं ओस पडली असती. प्रार्थनेच्या रांगा सरळ करणं, नखं तपासणं, पंधरा ऑगस्टला झेंड्याची गाठ अडकली की मुख्याध्यापकांच्या घामाघूम चेहऱ्याकडे न बघता ती सोडवणं, कुणाला चक्कर आली तर ग्लुकोज पाजणं आणि गणिताचे सर रजेवर गेले की त्यांचा वर्ग सांभाळणं, हा सगळा आमच्या विषयाचा अभ्यासक्रम. त्यातून वेळ उरलाच तर खेळ.

मी मूळची साताऱ्याकडची, आणि जन्माची खो-खोवाली. राज्यापर्यंत खेळलेली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोपरखैरण्याच्या एका मराठी शाळेत नोकरी लागली तेव्हा आजूबाजूला इमारती कमी आणि खड्डे जास्त होते. शाळेमागे बागेसाठी राखून ठेवलेला एक प्लॉट होता. बाग काही झाली नाही, त्यामुळे आम्हाला मैदान मिळालं. त्यावर मुरूम टाकून मी दोन खांब रोवले आणि तीन वर्षांत मुलींचा असा संघ उभा केला की ठाण्याच्या शाळा आमचं नाव ऐकून दचकायच्या. मी कडक होते. हातात वेताची छडी असायची. मारत क्वचितच असे, पण ती सगळ्यांना दिसेल अशी धरत असे. या कडकपणाचा मला फार अभिमान होता.

मग आमच्या मुख्याध्यापकांनी कुठूनसं शोधून काढलं की मुलींच्या फुटबॉलला जिल्ह्यात जेमतेम चार-पाच शाळा उतरतात.

"बाई, एक सामना जिंकला की फायनल! पेपरात नाव येईल शाळेचं."

"सर, मला ऑफसाइड कळत नाही."

"समोरच्या मुलींना तरी कुठं कळतं?"

या युक्तिवादापुढे माझं काही चाललं नाही. दहा दिवसांच्या प्रशिक्षण वर्गाला मला पाठवलं. पुरुषांच्या घोळक्यात मी एकटी बाई. शेवटी सायक्लोस्टाइल केलेल्या इंग्रजी नोट्सचा गठ्ठा हातात पडला, आणि माझ्या खो-खोच्याच मुली मी फुटबॉलला उभ्या केल्या. गोलाची जाळी नव्हती. वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी असलेल्या एका पालकांनी कांद्याच्या फाटक्या जाळीदार गोण्या उसवून, त्या सुतळीने एकमेकींना शिवून दोन झकास जाळ्या करून दिल्या. गोल झाला की कांद्याची टरफलं उडायची.

ते पालक म्हणजे वंदनाचे वडील. आमच्याच साताऱ्याकडचे, त्यामुळे बोलताना मला माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटे. वंदना तेव्हा दहावीत होती. खो-खोच्या संघातून मी तिला एकदा नव्हे, दोनदा काढलं होतं. कारण सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

खो-खोत पाठलाग करणारीने एकदा दिशा घेतली की मागे फिरायचं नाही, खांबापर्यंत पुढेच जायचं. आणि दोन खांबांना जोडणारी जी मधली पाटी असते, ती ओलांडायची नाही. ओलांडली तर फाउल. वंदना चपळ होती, पण धावताना मान वळवून मागे बघायची आणि बघितलं की फिरायची. फाउल, पुन्हा फाउल. "तुझ्या मानेला स्प्रिंग आहे का गं?" मी ओरडायची. मुली तिला 'फाउलवंती' म्हणायच्या आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची. फुटबॉलला मुली कमी पडल्या म्हणून तिला परत घेतलं.

आता थोडं खेळाबद्दल. नवशिक्या मुली फुटबॉल खेळतात तेव्हा गुळाच्या ढेपेला मुंग्या लागाव्यात तशा सगळ्या चेंडूला लागतात. मैदानाची एक बाजू गच्च, दुसरी मोकळी. त्या गर्दीतून चेंडू काढून झटकन पलीकडच्या मोकळ्या बाजूला न्यायचा, याला खेळ पलटवणं म्हणतात. ऐकायला सोपं आहे. करायला अवघड, कारण ज्या मुलीकडे चेंडू आहे तिला समोरचं दिसतं, पाठीमागचं दिसत नाही. म्हणून चेंडू यायच्या आधीच तिने खांद्यावरून पलीकडे एक नजर टाकायला हवी. पलीकडच्या मुलीने चेंडूकडे धावत येण्याचा मोह टाळून कडेच्या रेषेला चिकटून राहायला हवं. हे दुसरं तर फारच कठीण. आपल्याकडे काहीच येत नसताना जागा न सोडता उभं राहणं मोठ्यांनाही जमत नाही.

असं काही शिकवायचं तर सरावाचा आराखडा करावा लागतो, हे मी त्या वर्गात शिकले होते. एका दिवशी एकच गोष्ट शिकवायची. आधी अंग गरम करायला सोपा खेळ, मग तीच गोष्ट चार-पाच जणींत, मग सगळ्यांत. खेळाचा नियम असा योजायचा की आपण न बोलता तो नियमच शिकवेल. आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचं, की आज कुठल्या चुकीबद्दल गप्प बसायचं. हे शेवटचं मी कधी लिहिलं नाही. चुकीबद्दल गप्प बसणं माझ्या रक्तात नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी स्वयंपाकघराच्या फरशीवर मैदान मांडलं. आमच्या मुली म्हणजे काबुली चणे, समोरच्या म्हणजे काळे वाटाणे, आणि चेंडू म्हणून साबुदाण्याचा एक दाणा. नोट्समधली आकृती बघत दोन दुपारी चणे सरकवले. शेवटी आराखडा झाला. दोन्ही टोकांना दोन-दोन छोटे गोल, एक डाव्या कडेला, एक उजव्या. ज्या बाजूला चेंडू मिळाला त्याच बाजूच्या गोलात मारला तर एक गुण, पलटवून दुसऱ्या बाजूच्या गोलात मारला तर दोन. नियम छान होता, आजही छान वाटतो. पण दोन बाजू मुलींना स्पष्ट कळाव्यात म्हणून मी त्यात स्वतःच्या डोक्याने एक भर घातली. मैदानाच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पांढऱ्या फक्कीची एक उभी रेघ.

सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी सराव घेतला. वीस मिनिटं झाली, दोन गुणांचा गोल एकही होईना. चेंडू त्या रेघेजवळ यायचा, मुलगी करकचून ब्रेक लागल्यासारखी थांबायची आणि परत आपल्याच बाजूच्या गर्दीत घुसायची. मागे उभ्या असलेल्या मैत्रिणीला चेंडू देणं तर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मी घसा फोडून ओरडत होते. "पलीकडं! अगं पलीकडं मोकळं आहे!" ऐकत होत्या सगळ्या, जात कुणीच नव्हती.

तेवढ्यात वंदनाने चेंडू पायाखाली धरला आणि उभी राहिली. मी शिट्टी वाजवली.

"बाई, ती रेघ पुसा की."

"काय?"

"ती पाटी झालीया, बाई. दोन्हीकडं खांब, मधी पाटी. ओलांडली की फाउल, हे तुमीच तर शिकिवलंय. मग कोण जाईल पलीकडं?" आणि मला काही सुचायच्या आत तिने बुटाच्या टाचेने रेघ घासायला सुरुवातही केली. "आन् मागं देऊ द्या ना. मागं दिल्याबिगर पलीकडं कसं जायाचं?"

सगळ्या मुली फस्सकन हसल्या. पोरीचं शंभर टक्के बरोबर होतं, आणि ते मला त्याच क्षणी कळलं होतं. तीन वर्षं छडी दाखवून मी या मुलींच्या अंगात दोन गोष्टी मुरवल्या होत्या, फिरायचं नाही आणि मधली पाटी ओलांडायची नाही. आणि आता फुटबॉलच्या मैदानावर माझ्याच हाताने पाटी आखून त्यांना ओलांडा म्हणून ओरडत होते. खो-खोवाल्या बाईशिवाय ही चूक दुसऱ्या कुणी केलीच नसती. मी हसले असते तर गोष्ट तिथे संपली असती. मी वंदनाला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी रेघ आखली नाही. मागे पास द्यायची मोकळीक दिली. मुलींना म्हटलं, "मी रात्रभर विचार केला आणि थोडा बदल केलाय." वंदना माझ्याकडे बघून मान डोलावत होती, जणू खरंच मीच विचार केला होता. तिच्या मनात किल्मिष नव्हतं. माझ्या मनात होतं.

त्यानंतर दोन महिन्यांत आमचा खेळ बघण्यासारखा झाला. वंदनाला मी मधोमध खेळवलं. ज्या मानेवरून मी तिला काढलं होतं तीच मान आता कामाला येत होती. चेंडू यायच्या आधी ती डावीकडे बघायची, उजवीकडे बघायची, आणि चेंडू आला की एका टप्प्यात मागे, तिथून पलीकडे. डाव्या कडेला मुग्धा असायची. वाशीच्या सेक्टरमधल्या फ्लॅटमध्ये राहणारी, वडील ऑफिसर, सांगितलेलं तंतोतंत करणारी गुणी मुलगी. मी तिला "रेषा सोडू नकोस" म्हटलं की ती चप्पल चिकटल्यासारखी उभी राहायची.

जानेवारीत पत्र आलं. मुलींच्या एका क्रीडा वसतिगृहाच्या निवडीसाठी एक मॅडम शाळाशाळांतून फिरणार होत्या. अकरावी-बारावीचं शिक्षण, राहणं, जेवण, खेळ, सगळं तिथे. आमच्या शाळेतून एकीला घेणार. त्या सामना बघत नसत, सराव बघत. वंदनाचे वडील मुद्दाम मार्केटमधून सुटून शाळेत आले. डोक्यावरचं फडकं काढून हातात धरलं होतं.

"बाई, तेवढं बगा. नंबर लागला तर माझी ना न्हाय, शिकू दे. न्हाय लागला तर मातर धाव्वी झाली की गावाला धाडनार. म्हातारी येकटी हाय, गुरं हायती. हितं येका खोलीत आमी सात मानसं. वयात आलेली पोर, कुटं ठिऊ?"

"तुम्ही काळजी करू नका," मी म्हणाले.

मॅडम आल्या त्या दिवशी मी तोच सराव मांडला, चार गोलांचा. मुली जीव तोडून खेळल्या. मॅडम छत्री टेकून उभ्या होत्या आणि मधूनमधून वहीत लिहीत होत्या. शेवटची पाच मिनिटं राहिली. चेंडू उजवीकडे होता, म्हणजे आराखड्याप्रमाणे तो डावीकडे जायला हवा. मी ओरडले, "वंदना, डावीकडं! मुग्धाला दे!" वंदनाने डावीकडे देते असं दाखवलं, गर्रकन फिरली आणि चेंडू परत उजवीकडे सोडला. तिथे चिटपाखरू नव्हतं. आमची मुलगी रमतगमत गेली आणि गोल करून आली.

मॅडमनी छत्री काखेत मारून टाळ्या वाजवल्या. "वा! हे तुम्ही शिकवलंत?"

"हो," मी म्हणाले.

तेवढ्यात वंदना धापा टाकत आमच्यापाशी आली. चेहरा लालभडक, आनंदाने ओसंडत होता. "बाई, तिकडं समद्या आधीच पळाल्या व्हत्या! तुमी वरडलात न्हवं, म्हनून! मग म्हटलं हिकडंच मोकळं."

मॅडम मोठ्याने हसल्या. मुली हसल्या. पोरगी मला हिणवत नव्हती. मोकळी जागा कायम एकाच बाजूला नसते, ती बघून शोधावी लागते, हे तिला उमजलं होतं आणि ते तिला सगळ्यात आधी मला सांगायचं होतं. शिक्षकाला याहून मोठं बक्षीस नाही. मला मात्र कानशिलात बसल्यासारखं झालं.

स्टाफरूममध्ये चहा आला. मॅडमनी वहीत दोन नावं लिहिली होती.

"खेळ दोघींचा बघितला. तिथं दोन वर्षं घराबाहेर राहायचं असतं, म्हणून विचारते. ऐकण्यात कशा आहेत?"

"मुग्धा एकदम शिस्तीची," मी म्हणाले. मग कपातला चहा ढवळला. त्यात ढवळण्यासारखं काही नव्हतं. "वंदना हुशार आहे. पण ऐकत नाही."

"हो, ते दिसलंच," मॅडम म्हणाल्या आणि एका नावावर काट मारली. पेन परत पर्समध्ये जाईपर्यंत मला वेळ होता. 'ऐकत नाही म्हणूनच तुम्हाला आवडली ना?' एवढं विचारता आलं असतं. मी बिस्किटांची बशी पुढे केली.

एका वाक्याबद्दल माणूस स्वतःला माफ करू शकतो. रागात गेलं, म्हणता येतं. पण गोष्ट तिथेच थांबली नाही. महिन्याभराने मुग्धाच्या निवडीचं पत्र आलं आणि दुसऱ्याच दिवशी तिचे आईवडील पेढे घेऊन हजर झाले. निवडीचा त्यांना आनंद झाला होता, पण मुलीला पाठवणार नव्हते. "सायन्सला घालायचंय हो, होस्टेल वगैरे कुठं टेन्शन घ्यायचं?" जागा पुन्हा रिकामी झाली. आठ दिवसांत कळवा, असं त्या पत्रात छापलेलंच होतं.

मी आंतरदेशीय पत्र आणलं. लिहिलं, की मुग्धा येऊ शकत नाही, तिच्या जागी वंदनाचा विचार व्हावा. मग वाटलं, मॅडम विचारतील, तुम्हीच तर म्हणाला होतात ऐकत नाही. त्याचं उत्तर लिहायला हवं. उत्तर एकच होतं, की ते खोटं होतं. ती माझं ऐकत होती, मीच तिचं ऐकत नव्हते. एवढं वाक्य माझ्याने लिहवेना. दुसरं पत्र आणलं. मग बोर्डाच्या परीक्षेच्या पर्यवेक्षणाच्या बैठका निघाल्या, मग रविवार आला. नवव्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं, हे आज लिहितानाही लाज वाटते. जागा दुसऱ्या कुठल्या शाळेला गेली.

वंदनाला मी सांगितलं, "एकच जागा होती गं." ती म्हणाली, "असू द्या बाई. मुग्धा चांगलीच हाय." मुग्धा गेलीच नाही हे तिला कळलं तेव्हा ती मला काही विचारायला आली नाही. मी आठवडाभर मैदानाच्या दाराने न जाता ऑफिसच्या दाराने ये-जा करत होते.

माझ्या हाताखालून पुढे पुष्कळ संघ गेले. शाळेला ढाली मिळाल्या, पेपरात नाव आलं, माझा सत्कारही झाला. चार गोलांचा तो सराव मी दुसऱ्या शिक्षकांना वर्ग घेऊन शिकवला. खेळ पलटवणं कसं शिकवावं यात बाईंचा हातखंडा, असं लोक म्हणायचे. एकाही वर्गात मी सांगितलं नाही की तो सराव एका दहावीतल्या मुलीने टाचेने दुरुस्त केला होता. निवृत्त झाल्यावर तरी लिहावं म्हटलं.

वंदना दहावी पास झाली, चांगल्या मार्कांनी. जूनमध्ये तिचे वडील शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले. मी ऑफिसात मस्टरवर सही करत होते. क्लार्कने दाखला त्यांच्या हातात दिला, तसे ते तो घेऊन माझ्याकडे आले. अक्षरओळख बेताचीच होती.

"बाई, येवढं वाचून दावा. समदं बराबर हाय न्हवं?"

मी वाचलं. नाव, जात, जन्मतारीख, इयत्ता. मग वर्तणुकीचा रकाना आला. तिथे आमचा क्लार्क सगळ्यांनाच एक शब्द लिहायचा. "वर्तणूक, चांगली," मी वाचलं.

"चांगली म्हंजी?" त्यांनी विचारलं. "म्हंजी पोरगी ऐकत व्हती न्हवं तुमचं?"

"हो," मी म्हणाले. "खूप ऐकायची."

त्यांनी कागद माझ्या हातातून परत घेतला. "मंग का घेतली न्हाय वो तिला?"

क्लार्क मान खाली घालून शिक्के मारत होता. बाहेर नव्या प्रवेशाच्या रांगेचा कलकलाट चालला होता. मी तेव्हा खरं बोलू शकले असते. समोर उभा असलेला माणूस माझ्यावर ओरडला नसता, त्याने कुणाकडे तक्रार केली नसती. त्याला फक्त कळलं असतं की त्याच्या मुलीत काही खोट नव्हती.

"जागा एकच होती हो," मी म्हणाले.

"आसंल. नशीब एकेकाचं." त्यांनी दाखल्याच्या चार घड्या घातल्या आणि तो शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. "पर बाई, तुमी लई केलंसा पोरीसाठी." आणि माझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठा, पोती वाहून खांदा एका बाजूला उतरलेला तो माणूस वाकला आणि त्याने माझ्या पायांना हात लावला.

मी पाय मागे घेतले नाहीत.